याडीचं रडणं

याडीचं रडणं मी शेवटचं ऐकलं ते पुण्यात, एका सोसायटीच्या फाटकात, भर दुपारी. त्यानंतर ती पुष्कळ जगली. नातवंडं पाहिली, पतवंड मांडीवर घेतलं, दोनदा पडली, दवाखाने केले, पण रडली नाही. लोक म्हणायचे, काय खंबीर बाई आहे. मी नुसती ऐकून घ्यायची. आता माझेही गुडघे बोलायला लागले आहेत, तर एकदा लिहून टाकते.

याडी म्हणजे आई. आमचा तांडा यवतमाळकडच्या नेरच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत जावं लागतं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडायचे म्हणतात. मी पाहिलं ते तुरीचं आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर, बापूचे, माझ्या वडिलांचे, दोन बैल आणि आमचं मातीचं घर. घरात आम्ही आमची गोरबोली बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. इथे याडीचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिणार आहे, म्हणजे सगळ्यांना समजेल. तिला ते आवडलं नसतं, पण तिला लिहिणं-वाचणंच मुळात आवडायचं नाही.

आमच्यातलं रडणं काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या बाया भेटल्या की रडतात. कोणी मेलेलं नसतं. लेक माहेरी आली, बहीण बहिणीकडे गेली, मावशी आठवडी बाजारात दिसली, की दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, ओढणी तोंडावर ओढतात आणि सुरात रडायला लागतात. सुरात म्हणजे खरंच सुरात, एक ओळ हिची, एक ओळ तिची. त्यात सगळं येतं. किती दिवसांनी आलीस, वाट पाहून डोळे गेले, मधल्या काळात सासरा वारला, गाय व्याली, पोरीचं जमलं, दीर वेगळा निघाला. जे बोलून सांगता येत नाही ते रडून सांगायचं. बाकीचे आपले उभे राहतात. माणसं बिडी पेटवतात, लेकरं खेळत राहतात. मग कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन येतं, म्हणतं, ‘पुरे झालं वं, प्या पानी.’ दुसऱ्या कोणी थांबवल्याशिवाय आपण होऊन थांबायचं नाही, तो भेटलेल्या माणसाचा अपमान होतो. पाणी आलं की दोघी तोंड धुतात आणि लगेच चहात साखर किती टाकायची यावरून हसायला लागतात. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या बाया अशाच भेटतात.

याडीचा आवाज बोलताना जाडाभरडा होता. गाणं म्हणायला कोणी तिला बोलवायचं नाही. पण रडायला लागली की चुलीवरची भाकर तशीच सोडून बाया दारात यायच्या. तिला ओळी सुचायच्या. बापू बाहेर बाजेवर पडून ऐकायचा. तो माझ्याकडे पाहून तिला चिडवायचा, ‘तुह्या मायनं एकदा रडलं का मले पेपर वाचाची गरज पडत नाई.’ आणि ते खरंच होतं. कोणाच्या घरी काय झालं हे त्याला तिच्या रडण्यातूनच समजायचं, कारण तोंडाने ती दोघं दिवसभरात फार बोलायची नाहीत. ती माहेरून परत आली की घराच्या उंबऱ्यावर सासूच्या गळ्यात पडून रडायची, आणि बापू बाजेवरून कान देऊन आपल्या सासुरवाडीची खबर घ्यायचा. मधेच एखादी ओळ राहून गेली असं वाटलं तर संध्याकाळी विचारायचा, ‘तुह्या भावाच्या बैलाचं काय झालं ते नाई रडली तू.’

माझा मोठा भाऊ, प्रेमसिंग, त्याला आम्ही भिया म्हणायचो, पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून लागला. तिकडे त्याचा पी. डी. राठोड झाला. मी दहावी पास झाले तेव्हा त्याने सांगितलं, ललीला इकडे पाठवा, कॉलेजही होईल आणि मला खानावळीचं खावं लागणार नाही. बापूने पोरीला एवढ्या दूर पाठवावं का यावर दोन-तीन दिवस बिड्या ओढल्या आणि एका सकाळी म्हणाला, ‘जाय.’ अशी मी पुण्याला आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोरी, आणि एक खिडकी जिच्यातून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या.

मला पुण्याचा राग नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी तसं म्हणेल. पण पहिलं नवल मला वाटलं ते दारांचं. आमच्याकडे दार रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून लावतात. इथे दाराला कडी, कडीवर साखळी, मधोमध बाहेरचं माणूस पाहायचं भोक, वर नावाची पाटी, आणि एवढं करून आतली माणसं घरातच. खालच्या मजल्यावरच्या आगाशेकाकूंनी पहिल्याच दिवशी मला बोलावलं. भली बाई. बसवलं आणि विचारलं, ‘चहा घेणार का?’ आता आमच्याकडे असं कोणी विचारत नाही, चहा येतो. विचारलंच तर आधी नाही म्हणायचं असतं. मी नाही म्हटलं. आणि चहा आलाच नाही. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, आता आणतील, मग आणतील. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘काही हवं होतं का गं?’ घरी येऊन भियाला सांगितलं तर तो असा हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, ‘इथं विचारलं का हो म्हनाचं असलं तर हो म्हनाचं. लोकं जे बोलतात तेच त्यायच्या मनात असते.’ मला ही गोष्ट फार सोयीची वाटली, खोटं कशाला बोलू.

दुपारी दोननंतर सगळी सोसायटी झोपायची. पायऱ्यांवरून चालायचं तर चपला हातात घ्यायच्या, अशी तिथली रीत भियाने मला शिकवली होती. बाया घरात गाऊन घालायच्या आणि घंटा वाजली की खांद्यावर टॉवेल टाकून दार उघडायच्या. बाहेर निघताना मात्र कडक इस्त्रीची साडी, काखेत पर्स, आणि चाल अशी की कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही. भाजीत साखर. वरणात गूळ. मी केलेली आंबाडीची भाजी काकूंना दिली तर तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी म्हणाल्या, ‘छान आहे हं, वेगळी आहे.’ वेगळी आहे म्हणजे पुन्हा आणू नको, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. म्हणजे भियाचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं.

भिया तर पार बदलला होता. पँटला धार पाहिजे म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालायचा. आरशासमोर उभा राहून ‘पाणी’, ‘कोण’, ‘म्हणून’ असं घोकायचा, आणि माझ्याशी बोलायला वळला की पुन्हा ‘पानी दे’. हसणंही त्याने बारीक करून घेतलं होतं. तांड्यात तो हसला की बैल मान वर करायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. तो एकटा इथे येऊन, कोणाच्या ओळखीशिवाय, सगळं पाहून पाहून शिकला होता. जेवताना आवाज नाही, जिन्यात आवाज नाही, रेडिओ आपल्यापुरता. शहराचा सगळा गोंगाट रस्त्यावर होता आणि घरं मुकी होती. आमच्याकडे नेमकं उलट, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घरं बोलणारी. मला त्या मुक्या घराची हळूहळू सवय झाली. कोणी विचारायचं नाही, लली कुठे चालली, लली कुठून आली, कोणासोबत आली. वाचनालयात तासन् तास बसावं, बसमधून उगाच शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यावं. त्या मोकळेपणाची चटक लागते. आजही माझ्या यवतमाळच्या घरी दुपारी बेल वाजली की कपाळाला आठी पडते, आणि आमच्या लेआउटमध्ये आता प्रत्येक फाटकावर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी आहे, ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांच्याही.

मी गेले त्या वर्षी तुरी घरी आल्यावर याडी मला पाहायला पुण्याला आली. तांड्यातला एक जण बांधकामाच्या कामाला तिकडे येत होता, त्याच्यासोबत बापूने तिला गाडीत बसवून दिलं. येणार हे माहीत होतं, दिवस माहीत नव्हता. भिया कचेरीत होता. मी मोरीत भांडी घासत होते आणि मला खालून तिच्या घुगऱ्यांचा आवाज आला. कानाजवळच्या केसांत आमच्या बाया चांदीचे झुबके घालतात, ते मान हलली की वाजतात. त्या झोपलेल्या सोसायटीत तो आवाज तीन मजले चढून आला. मी तशीच राखेच्या हातांनी खाली पळाले.

फाटकात ती उभी होती. लाल फेटिया, म्हणजे आमचा घेराचा घागरा, अंगात आरशांची कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर बोचकं. ऊन तिच्या अंगावरच्या आरशांवर पडलं होतं आणि सोसायटीच्या पिवळ्या भिंतीवर कवडसे नाचत होते. वॉचमन तिला काहीतरी विचारत होता, ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. मला पाहिलं, बोचकं खाली ठेवलं, आणि माझ्या गळ्यात पडली.

‘मारी छोरी ये,’ अशी सुरुवात झाली. माझी लेक वं. तुझ्या वाटेवर डोळे टाकून बसली वं. तुझी ताटली मी रोज घासून ठेवली वं. तुझा बाप बाजेवरून उठून रस्त्यावर जाते अन् परत येते वं. काळी गाय तुझा हात शोधते वं. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण कितीतरी महिन्यांचं साचलेलं होतं. मलाही रडू फुटलं. मला अजून ओळी जुळवता यायच्या नाहीत, लग्न झाल्याशिवाय पोरींना कोणी ते शिकवतही नाही, ऐकून ऐकून येतं. मी नुसती तिच्या सुरात सूर मिळवत होते. आणि खरं सांगते, त्या मुक्या घरात इतके महिने काढल्यावर मला इतकं बरं वाटत होतं की ते संपूच नये.

पण ते संपणार कसं? पाणी आणणारं कोणी नव्हतं. तांड्यात एव्हाना तांब्या आला असता. इथे कोणाला माहीत की हिला पाणी देऊन पुरे म्हणायचं असतं? याडी वाट पाहत होती, मधे थोडी थांबायची, कोणी काही म्हणत नाही पाहून पुढची ओळ घ्यायची. आपणहून थांबली असती तर माझा अपमान झाला असता ना. गावभरच्या बातम्या संपल्या, मग मेलेल्यांचं सुरू झालं, माझी आजी, दोन वर्षांपूर्वी वारलेला काका. खिडक्या उघडल्या. गॅलऱ्यांत माणसं आली. आगाशेकाकू अनवाणी धावत खाली आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, ‘कोण गेलं गं?’ मला बोलता येईना, मी नुसती मान हलवली. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि तशाच वर गेल्या. सोसायटीत फोन त्यांच्याकडेच होता.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, ‘मावशी, थोडं पाणी प्या, असं करू नका,’ म्हणाल्या. झालं. याडी जागच्या जागी थांबली. पाणी प्याली, उरलेल्याने डोळे धुतले, ओढणीने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, ‘चाल वं, चहा मांड. गाडीनं डोकं धरलं.’ आणि त्या बाईंकडे पाहून छान हसली. जमलेली सगळी माणसं तशीच उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आठवून मला आजही हसू येतं, आणि मग पुढचं आठवतं.

भिया आला तेव्हा याडी बशीतून चहा पीत होती. रिक्षाने आला होता, शर्ट बाहेर, कपाळ घामाने भिजलेलं, डोळे सुजलेले. कचेरीत त्याला निरोप मिळाला होता की गावाहून आई आली आहे, फार रडते आहे, ताबडतोब या. त्याने बापूला मेलेलं धरलं होतं. दारात उभा राहून त्याने याडीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावरच बसला.

‘बापू कसा हाय?’ त्याने विचारलं.

‘चांगला हाय. त्यालेच त यायचं होतं, पन बैलाले कोन पाहीन.’

भियाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग जे बोलला ते ओरडून नाही, दाताखाली धरून बोलला. ‘मी रस्त्यानं रडत आलो, याडी. रिक्षावाला थांबून पानी देत होता मले. इथं असं नाई रडाचं. समजलं? इथं कोनी मेल्याशिवाय रडत नाई.’

‘मेल्यावर रडतात ना पन?’

‘मेल्यावरही हळू रडतात.’

याडीने बशी खाली ठेवली. मान हलवली. ‘बरं,’ म्हणाली. तिला वाईट वाटलं असंही तेव्हा दिसलं नाही. नव्या घराची रीत समजून घ्यावी तसं तिने ते समजून घेतलं. तो घाबरलेला माणूस होता, बाप मेला समजून अर्धं शहर ओलांडून आलेला. त्याचा राग मी धरला नाही, याडीनेही नाही. आगाशेकाकू दुसऱ्या दिवशी शिरा घेऊन आल्या, हसत हसत म्हणाल्या, ‘मावशी, तुम्ही आम्हाला केवढं घाबरवलंत. पण काय म्हणत होता हो त्यात? किती गोड वाटत होतं.’ याडीने माझ्याकडे पाहिलं, भियाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘काई नाई बाई. गलती झाली.’

भियाने तिला पाचवारी साडी आणून दिली. घरात नको, पण बाहेर निघताना नेस म्हणाला. ती नेसली. ‘अंगावर कपडा हाय का नाई तेच समजत नाई,’ म्हणाली. घुगऱ्या काढून ट्रंकेत ठेवल्या. आरसे नाहीत, वजन नाही, आवाज नाही, चपला हातात घेऊन ती जिना उतरायची. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीकडे पाहायची आणि मला विचारायची. ती बाई रोज एकटीच काहून जेवते? ते म्हातारं कोनाशी बोलते? पोरगं शाळेतून येऊन कुलूप उघडते, त्याची माय कुठीसा हाय? मी तिथे तिच्यापेक्षा जास्त राहिले होते आणि एवढं मी पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी समोरच्या इमारतीखाली पांढरी गाडी लागली. त्या बोलत बसणाऱ्या म्हाताऱ्याला खाली आणलं. दहा-पंधरा माणसं, पांढरे कपडे, हात पुढे बांधलेले. एक मुलगी रुमाल तोंडाला लावून उभी होती. गाडी गेली, माणसं घड्याळं पाहत पांगली, खालचा दूधवाला हिशोबाला लागला. याडी खिडकीतून हललीच नाही.

‘झालं?’ ती म्हणाली.

‘झालं.’

‘त्याले कोनी काईच सांगतलं नाई वं.’

मी म्हटलं, मेलेल्या माणसाला काय सांगायचं. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

ती परत गेली आणि उन्हाळ्यात मी सुट्टीला तांड्यावर गेले. गाडीतून नेरला उतरून पुढे जीपमध्ये बसले तेव्हापासून मी मनात तिचा सूर धरला होता. घरासमोर बाया जमल्या होत्या, मोठी काकू पाण्याचा तांब्या भरून तयार उभी होती. याडी घरातून बाहेर आली. तिने माझा हात हातात घेतला. ‘आली का?’ म्हणाली. ‘गाडीत जागा भेटली?’

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि कानात म्हणाली, ‘राहू दे, लली. तू आता तिकडची झाली. तुले लोकं हासतीन.’ कोण हसणार होतं तिथे? मोठ्या काकूने तांब्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. बाजेवर बापू उठून बसला होता, कान देऊन. थोड्या वेळाने पुन्हा आडवा झाला. त्या संध्याकाळी त्याने मला स्वतःच सगळं विचारलं, एकेक गोष्ट, पोलिसासारखं. कॉलेज कसं, भिया जेवतो का, त्याने मुलगी पाहिली का. मी बोलून सांगितलं. पण बोलून सांगितल्यावर ते फारच थोडं निघालं.

मग बापूच्या पोटात गाठ निघाली. भिया त्याला पुण्याला घेऊन आला, दवाखाने झाले, आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर त्या दोन खोल्यांत बापू खिडकीखाली पडून राहिला. याडी उशाशी. तो तांड्यावर न्या म्हणायचा, भिया म्हणायचा, थोडी ताकद येऊ दे. ताकद यायची नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी शेवटी तो नुसता छताकडे पाहायचा. एकदा मला म्हणाला, ‘लय चूप जागा हाय वं ही.’ एका दुपारी, सोसायटी झोपली असताना, तो गेला.

याडीने त्याचे डोळे मिटले. धोतर नीट केलं. मग भिंतीला टेकून बसली. मी रडत होते, भियाही तोंडात रुमाल घालून रडत होता. ती नाही. लोक आले. आगाशेकाकू तिच्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या, तोच ग्लास असेल किंवा दुसरा. कोणीतरी दारात हळू आवाजात म्हणालं, ‘किती धीराच्या आहेत हो आई.’ भियाने ते ऐकलं. तो उठून तिच्यासमोर येऊन बसला, तिचे दोन्ही हात धरले.

‘रड, याडी,’ तो म्हणाला. ‘कोनी काई नाई म्हनत. रड तू.’

‘घरी गेल्यावर रडीन,’ ती म्हणाली.

गाडी करून बापूला तांड्यावर आणलं. रस्ताभर ती त्याच्या पायाशी बसली होती, अंगावर तीच पाचवारी. मी मनात म्हणत होते, घरी पोचू दे, घरी पोचलो की होईल. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर नेर मागे पडलं, डांबरी रस्ता सुटला, आणि तांड्याच्या तोंडाशीच रडण्याचा आवाज कानावर आला. अख्खा तांडा रस्त्यावर आला होता. बापूला अंगणात ठेवलं, त्याच्या बाजेशेजारी. बाया एकेक करून याडीच्या गळ्यात पडायला लागल्या. ओढणी ओढायला तिच्याकडे ओढणी नव्हती, मोठ्या काकूने आपली दोघींवर घेतली. प्रत्येक बाई आपली ओळ म्हणायची आणि तिच्या ओळीसाठी थांबायची. याडीचं तोंड उघडायचं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसायच्या. आवाज निघायचा नाही. ती त्या बाईची पाठ थोपटायची, पुढची यायची.

‘सांग वं त्याले,’ मोठी काकू म्हणाली. ‘तो ऐकून राह्यला. तुह्या तोंडूनच ऐकत होता तो सारं. काय काय झालं ते सांग.’

याडीने बापूकडे पाहिलं. खूप प्रयत्न केला, मी शेजारी होते, मला माहीत आहे. जे वर्षानुवर्षं आपोआप यायचं ते तिला शोधूनही सापडत नव्हतं. मग ती कोरड्या आवाजात, बोलावं तसं, एवढंच म्हणाली, ‘लवकर आनाले पाह्यजे होतं तुले.’

तेव्हा भिया उठला. आमच्यात माणसं रडतात, पण असं रडत नाहीत, गळ्यात पडून ओळी म्हणत नाहीत, ते बायांचं. पँटची धार मोडलेली, तोंडावर दाढी वाढलेली, तो तिच्या गळ्यात पडला आणि त्याने सुरुवात केली. ‘मारी याडी ये.’ सूर त्याला येत नव्हता. पण लहानपणापासून कानात होता तो सगळा बाहेर येत होता. माझी माय वं. उंबऱ्यावर बसून मी तुझं तोंड बांधलं वं. तुझा आवाज मी पुण्यात ठेवून आलो वं. बापूले मी चूप जागी मारलं वं. माणसांनी माना खाली घातल्या होत्या. एकही बाई रडत नव्हती, सगळ्या त्याचं ऐकत होत्या, आणि याडीच्या ओळीची वाट पाहत होत्या. मोठी काकू तांब्या घेऊन उभी होती, पण पुढे येत नव्हती.

याडीचा हात त्याच्या पाठीवरून वर आला. मला वाटलं आता ती बोलेल, आता येईल. तिने तो हात त्याच्या तोंडावर ठेवला, लेकराच्या तोंडावर ठेवतात तसा, आणि त्याच्या कानात म्हणाली, ‘हळू, बाळा. लोकं येतीन.’

लोक तर येऊन उभेच होते.